गुरांची हालचाल

किल्युर्कू ज्वालामुखी पुन्हा फुटणार नाही असं पासाकूचो गावात कुणी म्हणत नाही. आज फुटणार नाही, एवढंच म्हणतात, आणि कामाला लागतात. गावाच्या वरच्या अंगाला विद्यापीठाची वेधशाळा आहे: चार खोल्या, एक अँटेना आणि कुणाचं ते ठाऊक नसलेलं एक पिवळं कुत्रं. इपातिया तिपान तिथे चोवीस वर्षं कामाला होती. डोंगराच्या पोटात काही हललं, की भिंतीवरच्या पडद्यावरची रेघ थरथरते. त्या रेघेवर नजर ठेवणं हे तिचं पहिलं काम. दुसरं काम सामायिक अभ्यासक्रमाचं.

एक्वादोर, कोलंबिया, पेरू, कोस्टा रिका, ग्वाटेमाला, मेक्सिको आणि ब्राझील अशा सात देशांतल्या सात विद्यापीठांनी मिळून ज्वालामुखींचा एक अभ्यासक्रम ऑनलाइन चालवला होता. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दिलं. कोस्टा रिकाने वायूंचे धडे दिले, ब्राझीलने नकाशे दिले, मेक्सिकोने सगळा प्लॅटफॉर्म सांभाळला. एक्वादोरकडे, म्हणजे इपातियाच्या विद्यापीठाकडे, द्यायला फारसं काही नव्हतं. एक स्फोट होता, तो त्यांनी दिला.

सराव क्रमांक नऊ. अकरा वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातल्या एका गुरुवारची, सकाळी दहा ते दहा एक्केचाळीसपर्यंतची, डोंगरावर उंच बसवलेल्या कंपमापक यंत्राची रेघ. एक्केचाळीसाव्या मिनिटाला रेघ पडद्याबाहेर जाते आणि संपते, कारण यंत्रच संपतं. त्याआधीचे खरे इशारे मुलांनी शोधून काढायचे. पहिल्या अर्ध्या तासातल्या बारीक ठिपक्यांकडे मात्र लक्ष द्यायचं नाही. त्यांच्याखाली टीप होती: ‘गोंगाट. गुरांची हालचाल. – इ. तिपान.’ दरवर्षी हजारभर मुलं ते ठिपके खोडून पुढे जात. ब्राझीलवाल्यांनी सगळं पोर्तुगीजमध्ये करून घेतलं, त्यातही गुरं गुरंच राहिली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळची कॉफी हातात घेऊन इपातियाने चर्चेचं पान उघडलं. ग्वाटेमालाच्या नीनेत इश्कोत नावाच्या मुलीने लिहिलं होतं:

“मॅडम, नमस्कार. सराव नऊबद्दल विचारायचं होतं. लहान तोंडी मोठा घास घेते, पण ही गुरं नसावीत. गाईला चार पाय असतात. हे जे कोणी आहे त्याला दोनच आहेत.”

खाली पेरूच्या एका मुलाने लिहिलं होतं, “गाय मागच्या दोन पायांवर चालत असेल. आमच्याकडे चालतात.”

मेक्सिकोच्या कुणीतरी जोडलं होतं, “आमच्याकडे तर निवडूनही येतात.”

नीनेतने थट्टेकडे लक्ष दिलं नव्हतं. तिने पुढे लिहिलं होतं, “एक पाऊल हलकं पडतं, एक जड. माझे आजोबा लंगडतात. ते कुठल्या खोलीत आहेत हे आम्ही घरात न बघता सांगतो, म्हणून मला हे ओळखू आलं असेल. या माणसाची पावलं दहा वाजून दोन मिनिटांनी ऐकू यायला लागतात. यंत्रापाशी येऊन तो दहा आठपर्यंत हाताने काहीतरी काम करतो. मग तीन ठोके, सारख्या अंतराने. मग काही नाही. चार मिनिटांनी परत तीन. असं एकूण चार वेळा. त्यानंतर आणखी चार मिनिटं तो नुसता उभा राहतो आणि मग निघून जातो. मॅडम, हे ठोके कशाचे असतील?”

इपातियाने पान बंद केलं. कॉफी तशीच राहिली.

ठोके कशाचे, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मेल्चोर ग्वानोलुईसा वेधशाळेच्या यंत्रांची देखभाल करायचा. खेचराबरोबर ओढ्यात पडून त्याचा एक गुडघा कायमचा गेला होता, तरी डोंगर त्याच्याइतका कुणी चढत नसे. वरच्या यंत्रापाशी रेडिओची एक अडचण होती. वेधशाळेतून बोललेलं त्याला ऐकू जायचं, पण त्याचा हातातला सेट अशक्त, त्याचं बोलणं खाली पोचायचं नाही. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. काम झालं, की मेल्चोर यंत्राशेजारी तीनदा पाय आपटायचा. खाली पडद्यावर तीन ठिपके उमटायचे आणि इपातिया रेडिओवर, वडीलधाऱ्याला हाक मारतात तसं, म्हणायची, “दिसलात, ताइता मेल्चोर.” मग तो आणखी एकदा आपटायचा. म्हणजे, बरं, निघतो. डोंगराचा रंग बरा नसेल तर तीही सांगायची, “आज रेंगाळू नका, लगेच उतरा.” तो उतरायचा.

त्या गुरुवारी तो बॅटरी बदलायला गेला. रेघेवर नजर ठेवायची पाळी इपातियाची होती. त्याच सकाळी विद्यापीठांची पहिली एकत्र बैठक पडद्यावर भरणार होती आणि संचालकांना त्यातलं काही जमत नव्हतं. “अर्धा तास वर या,” ते म्हणाले, “डोंगर काय पळून जातोय?” इपातियालाही जायचं होतं. तिने बहिणीचं निळं जाकीट घालून ठेवलं होतं. वरच्या खोलीत पडद्यावर चौकटीचौकटीत चेहरे होते, जो तो आपलं नाव, आपलं गाव सांगत होता, आणि या डोंगराबाहेर आपल्याला कुणी विचारतंय याचं तिला अप्रूप वाटत होतं. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. मग खिडक्यांची तावदानं वाजली.

मेल्चोरची मोटरसायकल डोंगराच्या कमरेवरच्या निवाऱ्यात सापडली. निवाऱ्यात उसाच्या दारूची एक रिकामी बाटलीही होती. कुणाची, ते देव जाणे. मेल्चोर सापडला नाही. डोंगराची ती बाजू तीन पुरुष उंच गरम राखेखाली गेली होती.

तो वर पोचला होता की निवाऱ्यातच पडून राहिला, याची चौकशी झाली. संचालकांनी रेघेवर बोट ठेवून विचारलं, “हे ठिपके कसले?”

“गुरं,” इपातिया म्हणाली.

नजर तिथे पोचण्याआधीच तोंडातून शब्द निसटला होता. वर गुरं चरायची, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही. त्या दिवसानंतर तिने ठिपक्यांची ती सव्वीस मिनिटं कधी पाहिली नाहीत. अभ्यासक्रमासाठी रेघ कापून देताना टीपही तिने न बघताच लिहिली होती. ती खोटं बोलली का, हे तिचं तिलाच नीट सांगता आलं नसतं. आतल्या एका खोलीचं दार तिने लावून घेतलं होतं, आणि आत काय आहे ते ठाऊक असल्याशिवाय कुणी दार इतकं घट्ट लावत नाही.

गावाने आपापले निष्कर्ष काढले. कुणी म्हणालं, प्यायला आणि झोपला. कुणी म्हणालं, मेलाबिला काही नाही, एस्मेराल्दासच्या एका बाईबरोबर समुद्राकडे पळाला. कुणाच्या तरी मेव्हण्याने त्याला ग्वायाकीलच्या बसथांब्यावर पाहिलंही होतं. मेल्चोरच्या बायकोने, देल्फिनाने, ही दुसरी गोष्ट धरून ठेवली. तिची पावाची भट्टी होती. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव तिच्याकडून पावाची बाळं करून नेऊन आपापल्या थडग्यांवर ठेवायचं. मेल्चोरच्या नावाचं बाळ तिने कधी केलं नाही. जित्या माणसाच्या नावाने तो पाव करत नाहीत.

इपातियाने चार दिवस नीनेतला उत्तर दिलं नाही. त्या चार दिवसांत तिला ठोके ऐकू यायला लागले. शेजारीण खिडकीत गालिचा झटकायची: तीन. कोपऱ्यावरचा चांभार टाच ठोकायचा: तीन. तिचे पाय जागच्या जागी थांबायचे आणि चौथा पडतो का याची ती वाट पाहायची. चौथा पडला की सुटायची. एकदा भर बाजारात चौथा पडलाच नाही, तेव्हा कांदे विकणारी बाई तिला विचारू लागली, “काय हो, बरं वाटत नाही का? बसा इथे पोत्यावर.”

पाचव्या दिवशी कोस्टा रिकाहून एलादियो सोलोर्सानोंचा फोन आला. अभ्यासक्रमाची जुळवाजुळव ते बघायचे.

“इपातियाबाई, त्या ग्वाटेमालाच्या पोरीने माझी झोप उडवली आहे. दीडशे मुलं त्या ठोक्यांवर लिहितायत. एकाने गुप्तधन शोधून काढलंय, एकाने भूत. काय सांगू त्यांना?”

“मी बघते.”

“तुम्ही आधी नव्हतं बघितलं?”

एलादियो भला माणूस. “बघा आणि कळवा,” म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने रेघ उघडली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, शेजारच्या खोलीत सहकारी नेहमीसारखे फुटबॉलवर भांडत होते आणि बाहेर लख्ख ऊन होतं. जमिनीची थरथर कानाला ऐकू येत नाही, पण तिचा सूर चढवला की येते. तिने सूर चढवला आणि कानांवर हेडफोन लावले.

हलकं, जड. हलकं, जड. मध्ये एकदा धाप लागून थांबलेला. ती ती चाल कुठेही ओळखू शकली असती, दहा वर्षं वेधशाळेच्या व्हरांड्यात तिने ती ऐकली होती. मग बॅटरीच्या पेटीचं झाकण. मग तीन ठोके.

चार मिनिटं.

तीन ठोके.

दुसऱ्या खेपेचे जरा जोरात होते. खाली बसलेल्या पोरीचं लक्ष नसेल असं वाटलं असणार त्याला. तिसऱ्या खेपेचे आणखी जोरात. आणि त्यांच्याच खाली, अगदी बारीक, डोंगराचे पहिले इशारे सुरू झाले होते. ते पडद्यावर दिसत होते. ज्याला दिसायला हवे होते ते माणूस तिथे नव्हतं. चौथ्या खेपेचे ठोके पहिल्यासारखेच, हळू. त्यानंतर तो उभा राहिला आणि मग निघाला.

तेव्हा डोंगरावर खालच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या यंत्राची रेघ शेजारी लावून तिने त्याची दिशा काढली. तो उतरणीच्या वाटेने आला नव्हता. आडवा, पूर्वेकडे गेला होता. त्या बाजूला फक्त पिलातासी कुटुंबाचं गुराख्यांचं खोपट होतं. डोंगराचा वास बदललेला त्याला कळला असावा. खालून कुणी काही सांगेना, तेव्हा त्याने स्वतःच ठरवलं आणि त्या माणसांना उठवायला गेला. दहा अठ्ठावीसला पावलं ऐकू येईनाशी होतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती लॅपटॉप घेऊन देल्फिनाच्या भट्टीवर गेली. अकरा वर्षं ती पाव दुसऱ्या गल्लीतून आणायची.

देल्फिना पीठ मळत होती. तिने मान वर केली. “इंजिनियरबाई. वाट चुकलात? पाव संपलाय, उद्या या.”

“पाव नको, मामिता. मेल्चोरबद्दल बोलायचं आहे.”

“सापडला? कुणाच्या घरात?”

“ते वर गेले होते. यंत्रापर्यंत पोचले होते, काम पुरं केलं होतं. स्फोट झाला तेव्हा ते डोंगरावरच होते.”

देल्फिनाचे हात पिठात राहिले. ती म्हणाली, “म्हणजे एस्मेराल्दासची बाई नव्हतीच.”

“नव्हती.”

“अकरा वर्षं शिव्या घालतेय मी तिला. नावसुद्धा ठेवलं होतं, मार्लेने. तिचे केस कसे असतील, तिला स्वयंपाक येत असेल का, सगळं ठरवून टाकलं होतं.” तिने हात पुसले. “तुम्हाला कसं कळलं?”

“पावलांची नोंद आहे. ऐकता येते.”

“ऐकवा.”

इपातियाने मुलांसाठी केलेला तुकडा लावला. त्यात सव्वीस मिनिटं एका मिनिटात धावत होती.

“ही कसली घाई?” देल्फिना म्हणाली. “असा चालायचा का तो? त्याच्या चालीने लावा.”

इपातियाने त्याच्या चालीने लावलं. भट्टीत लाकडं तडतडत होती. देल्फिना पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. पहिले तीन ठोके पडले तेव्हा तिने विचारलं, “हे काय?” आणि इपातियाने त्यांच्या रितीबद्दल सगळं सांगितलं.

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“मी तिथे नव्हते, मामिता. वरच्या खोलीत बैठकीला होते. बाहेरदेशच्या लोकांशी बोलत होते. पाळी माझी होती.”

लॅपटॉपमधून दुसरे तीन ठोके आले. देल्फिनाने ते मोजल्यासारखी मान हलवली.

“मला सांगायचा तो,” ती म्हणाली. “वर धुकं असो, गारा असोत, पोरगी उत्तर देते म्हणायचा. एकदाही चुकली नाही म्हणायचा.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर इपातियाला सोसला असता.

“मला शिव्या द्या, मामिता.”

“देईन. आज भट्टी तापली आहे.” पावलं दूर जायला लागली तशी तिने कान पुढे केला. “हा कुठे चाललाय? वाट तर इकडे आहे.”

“पिलातासींच्या खोपटाकडे. त्यांना उठवायला गेले असावेत.”

“गुरुवारी? गुरुवारी पिलातासी बाजारात असतात. सगळे, कुत्र्यासकट.” तिने कपाळाला लागलेलं पीठ पुसलं. “वार कधी लक्षात राहायचा नाही त्याच्या. रविवारीसुद्धा मला विचारायचा, आज चर्चची घंटा का वाजतेय.”

आवाज थांबल्यावर ती उठली आणि कणीक परत मळू लागली. इपातिया दारापाशी गेली तेव्हा ती मागे न बघता म्हणाली, “शनिवारी या. ते घेऊन या. त्याच्या चालीचं.”

त्याच आठवड्यात सात विद्यापीठांची बैठक पडद्यावर भरली. टीप बदलायला सातांची संमती लागते. मेक्सिकोचे प्राध्यापक म्हणाले, “मानवी पावलं एवढं लिहिलं की पुरे. अभ्यासाच्या मजकुरात माणसाचं नाव कशाला?”

“गुरं लिहिली तेव्हा कुणी विचारलं नाही, गुरं कशाला,” इपातिया म्हणाली.

तिने आपली टीप वाचली. ‘मेल्चोर ग्वानोलुईसा, यंत्रांची देखभाल. बॅटरी बदलून खाली चार वेळा खूण केली. निरीक्षक जागेवर नव्हती. निरीक्षक: इपातिया तिपान.’

एलादियोंनी घसा खाकरला. “शेवटची दोन वाक्यं गरजेची आहेत का, इपातियाबाई?”

“पोरीने विचारलंय, ठोके कशाचे. ते सांगितलं की ती विचारेल, उत्तर का नाही. मग काय सांगू?”

टीप मंजूर झाली. नीनेतने रडवेलं पत्र लिहिलं. मॅडम, मला क्षमा करा, मला फक्त जादा गुण हवे होते. इपातियाने तिला एवढंच कळवलं, “पोरी, तू बरोबर होतीस. पूर्ण गुण.”

विद्यापीठाने चौकशी पुन्हा उघडली आणि महिन्याभरात मिटवली. वेधशाळेच्या दारावरच्या पाटीवर मेल्चोरचं नाव आलं. इपातियाकडून डोंगराची पाळी काढून घेतली. तिच्याकडे अभ्यासक्रम राहिला, आणि त्याची शिक्षा वेगळीच निघाली. नवी टीप गेल्यापासून मुलं ते ठिपके खोडत नाहीत, मोजतात. दरवर्षी सात देशांतून हजारभर उत्तरं येतात: मेल्चोर आले दहा दोनला. पहिली खूण दहा आठला. वाट पाहिली चार मिनिटं. पोरं प्रामाणिक, सेकंदापर्यंत मोजतात. ती एकेक उत्तर तपासते.

त्या वर्षी देल्फिनाने मृतांच्या दिवशी नवऱ्याच्या नावाचं बाळ केलं, एक पाय आखूड ठेवून. थडगं नव्हतं, म्हणून ते घरातल्या टेबलावरच ठेवलं आणि शेजारी जांभळ्या कोलादाचा, त्या दिवशी करतात त्या दाट गोड पेयाचा, पेला. त्याच्यासाठी प्रार्थनाविधी झाला. इपातिया चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसली. देल्फिनाने तिच्याकडे पाहिलं नाही.

पण शनिवार चुकला नाही. दर शनिवारी दुपारी, भट्टी निवल्यावर, इपातिया लॅपटॉप घेऊन जायची, दोघी पोत्यांवर बसायच्या आणि सव्वीस मिनिटं ऐकायच्या. शिव्या अजून दिल्या नव्हत्या. सुरुवातीला बोलणंही नव्हतं. मग देल्फिना मध्येच एखादं सांगायची: इथे दम घेतोय तो दगड मला माहीत आहे, लग्नाआधी आम्ही तिथे बसायचो. शेजारच्या बायका विचारायच्या, दर शनिवारी इंजिनियरबाई काय शिकवतात तुम्हाला? देल्फिना सांगायची, नवऱ्याची चाल.

नाताळ गेला, मार्चमधला तो दिवस गेला. मे महिन्यातल्या एका शनिवारी तिसऱ्या खेपेचे ठोके पडले, त्यानंतरची शांतता सरत आली आणि देल्फिनाने इपातियाच्या मनगटावर हात ठेवला. पिठाने खरखरीत झालेला हात. आठ महिन्यांत तिने इपातियाला पहिल्यांदाच शिवलं होतं.

“इथे थांबवा.”

“अजून एकदा आपटायचं राहिलंय त्यांचं.”

“माहीत आहे मला. पाठ आहे. पण इथे तो अजून उभा आहे. कुणीतरी बोलेल असं अजून वाटतंय त्याला.” तिने हात काढून घेतला. “वाटू दे.”

इपातियाने थांबवलं. देल्फिना उठली, भट्टीचं दार उघडून राख ओढू लागली. इपातियाही उठली, आणि कुणी न सांगता तिने घमेलं पुढे धरलं.

त्यानंतर दर शनिवारी दोघी रेघेवरच्या दहा एकोणीसला थांबतात. पुढची नऊ मिनिटं त्या घरात कुणी ऐकत नाही.